लॉरेनबाईंच्या मंडळाची हजेरी

मंगफ, पहिला आठवडा

कुवेतला जाऊन आले असं सांगितलं की लोक आधी माझ्या मनगटांकडे बघतात. नव्या बांगड्या दिसल्या नाहीत की खजुरांची चौकशी होते. खजूर आणले होते, ते शेजारीपाजारी वाटून पहिल्या आठवड्यातच संपले. तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही. त्याचं उत्तर मात्र माझ्याकडे भरपूर आहे, म्हणून न विचारताच लिहायला बसले आहे.

नाशिकच्या शाळेत एकतीस वर्षं मी भूगोल शिकवला. त्यात कुवेतच्या वाट्याला दोन ओळी यायच्या: वाळवंट आणि खनिज तेल. २००५ सालच्या फेब्रुवारीत लेकीकडे गेले तेव्हा कळलं, की त्या दोन ओळींतली एकच धड खरी. वाळवंट मला विमानातून दिसलं आणि नंतर बरेच दिवस दिसलंच नाही. लेकीचं घर मंगफ नावाच्या वस्तीत. तिथे आमच्या इमारतीभोवती होते ते नुसते फ्लॅट, खाली एक बकाला, म्हणजे आपलं किराण्याचं दुकान, आणि कोपऱ्यावर इराणी माणसाची भट्टी. तिथे सकाळी खुबूस घ्यायला रांग लागायची. हा खुबूस भाकरीएवढा मोठा आणि पोळीएवढा मऊ. गरम असताना पिठल्याबरोबर झकास लागतो, हे मी स्वतः सिद्ध केलं.

माझी लेक मंजिरी शाळेत गणित शिकवते, जावई अभय तेलशुद्धीकरण कारखान्यात इंजिनिअर. दहा वर्षांची नात ईशा. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा करार दोन दिवसांत आपोआप होऊन गेला.

तिसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये एक उंचच उंच काळ्या बाई भेटल्या. पांढरे कुरळे केस, ताठ मान, हातात काठी. मला आपादमस्तक न्याहाळून इंग्रजीत म्हणाल्या, "तुम्ही मंजिरीच्या आई. मिस शैला ना?"

मी ठणकावून सांगितलं, "मिस नाही. मिसेस. माझे यजमान नाशिकला आहेत आणि रोज फोनवर भाजी काय करू विचारतात."

त्या इतक्या मोठ्याने हसल्या की लिफ्ट हलली असं मला वाटलं. मग समजावून सांगितलं, की त्यांच्याकडे, अमेरिकेच्या दक्षिणेत, वडीलधाऱ्या बाईला नावाआधी 'मिस' लावतात. लग्नाशी त्याचा संबंध नाही. म्हणजे आपलं 'शैलाताई' म्हणतात तसंच. मला ते एकदम पटलं. मग मीही त्यांना 'लॉरेनबाई' म्हणू लागले.

लॉरेनबाई आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. वय एकोणसत्तर. इराकी फौजा निघून गेल्यावर, १९९२ साली इंग्रजी शिकवायला म्हणून इथे आलेल्या आणि राहिलेल्या. इमारतीतल्या निम्म्या मराठी पोरांचं इंग्रजी त्यांनीच घासूनपुसून लख्ख केलेलं.

मंगफ, शुक्रवार

कुवेतला शुक्रवारी सुट्टी. त्या सकाळी लॉरेनबाईंच्या दिवाणखान्यात पंधराएक बाया जमिनीवर बसलेल्या असायच्या. घरकामाला आलेल्या आंध्रच्या, श्रीलंकेच्या, एकदोघी गोव्याच्या. हातात पाटी नव्हती इतकंच. लॉरेनबाई त्यांना आपलं नाव लिहायला, स्वतःच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, काय लिहिलंय ते वाचायला शिकवायच्या. दुसऱ्याच शुक्रवारी मला खडू दिला आणि म्हणाल्या, "मास्तरीण आहात ना? मग बसून काय राहिलात?"

वर्ग संपल्यावर त्यांनी जेवायला थांबवून घेतलं. मक्याचा पाव, आणि तासभर शिजवलेली पालेभाजी. त्यांच्या गावी त्यात डुकराचं मांस पडतं. इथे ते मिळत नाही, म्हणून त्या टर्कीचं मांस घालतात. माझ्यासाठी नुसत्या लसणावर वेगळी केली होती. खाताना मी म्हटलं, "हे तर आमच्या माठाच्या भाजीचं सख्खं भावंड." त्यांनी ती भाजी कोणती ते नीट विचारून घेतलं आणि वहीत लिहून ठेवलं.

हे सगळं कशासाठी करता, असं मी विचारलं. त्यांनी भिंतीवरच्या एका मोरपिशी चौकटीतल्या प्रमाणपत्राकडे बोट दाखवलं. "मी शपथ घेतली आहे."

मग मला त्यांच्या सोरोरिटीची गोष्ट कळली. सोरोरिटी म्हणजे कॉलेजातल्या मुलींचं भगिनीमंडळ. गोऱ्या मुलींच्या मंडळांत काळ्या मुलींना दारही उघडत नसे, तेव्हा यांच्या आधीच्या पिढीने स्वतःचं मंडळ काढलं. १९५५ सालच्या मार्चमध्ये एकोणीस वर्षांच्या लॉरेनने आठ मैत्रिणींबरोबर त्यात प्रवेश केला. नऊ जणींना उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं होतं. लॉरेन सगळ्यात उंच, म्हणून शेवटची. तिच्या पुढे तिची जिवलग मैत्रीण रूथ.

मला वाटलं होतं, कॉलेज संपलं की असली मंडळं संपतात. आमच्या स्नेहसंमेलनाच्या समित्या बक्षीस समारंभानंतर एकमेकींशी बोलायच्यासुद्धा बंद व्हायच्या. लॉरेनबाई म्हणाल्या, "कॉलेजात तर नुसती ओळख होते. काम त्यानंतर सुरू होतं."

आणि ते काम त्यांनी सांगितलं. गावातल्या वाचनालयात काळ्यांना मज्जाव, म्हणून मंडळाच्या मुलींनी एका जुन्या गाडीत पुस्तकं भरून वाड्यावस्त्यांवर फिरवली. मतदार म्हणून नाव नोंदवायला गेलेल्या म्हाताऱ्यांना कारकून अवघड उतारा वाचायला लावून परत पाठवायचा. तर यांनी त्या म्हाताऱ्यांना चर्चच्या तळघरात बसवून वाचायला शिकवलं. एका आजोबांना कारकुनाने चारदा परत पाठवलं. पाचव्यांदा त्यांनी तो उतारा न अडखळता वाचला आणि वर कारकुनाची एक चूक काढली. हे सांगताना लॉरेनबाईंची मान आणखी दोन इंच वर गेली.

नवरा वारला तेव्हा नातेवाइकांच्या आधी मंडळाच्या भगिनी डबे घेऊन दारात उभ्या होत्या. कुवेतच्या विमानतळावर उतरल्या तेव्हा मोरपिशी रुमाल हातात धरून एक अनोळखी बाई त्यांना घ्यायला आली होती. तीही भगिनीच. आयुष्यात दोन घरं, चार गावं आणि एक देश बदलला, मंडळ बदललं नाही. पन्नास वर्षं एका शब्दाला जागलेलं माणूस मी इतक्या जवळून प्रथमच पाहत होते, आणि का कोण जाणे, मलाच अभिमान वाटत होता.

तेव्हाच त्यांनी मनातली काळजीही सांगितली. येत्या मार्चमध्ये शपथेला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. पन्नास वर्षांच्या भगिनीला मंडळ सोन्याची पिन देतं. अमेरिकेत आपल्या गावी, भगिनींनी भरलेल्या सभागृहात, रूथच्या हातून ती पिन लावून घ्यायची असं दोघींचं तरुणपणीच ठरलेलं. पण रूथ ख्रिसमसच्या आधी वारली. आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी लॉरेनबाईंना लांबचा विमानप्रवास बंद केला. पिन कुरिअरने मंगफला आली होती. ती त्याच तारखेला, आणि भगिनीच्याच हातून लागायला हवी होती. कुवेतमध्ये उरलेली भगिनी एकच, डेनिस नावाची. ती कुवेत शहरापलीकडच्या जहरा गावाच्याही पुढे, अमेरिकन लष्करी छावणीत नोकरीला होती.

"एक तर एक," लॉरेनबाई म्हणाल्या. "पण सगळं नियमाने व्हायला हवं. रूथ नियमांच्या बाबतीत भयंकर होती."

मिरकाब

इतकी मोठी गोष्ट आणि सभागृहात एकटी डेनिस? माझ्यातली मंडळवाली गप्प बसेना. मंजिरीच्या इमारतीतल्या मैत्रिणींना फोन गेले. समारंभ आमच्या हॉलमध्ये करायचा ठरलं. बाहेरच्यांना त्यातला एक भाग पाहता येतो, पण त्यांनी एक शब्दही बोलायचा नाही, अशी परवानगी लॉरेनबाईंनी दिली. बारा मराठी बायका एक शब्दही न बोलता बसतील यावर अभयचा विश्वास बसेना. त्याच्याकडे मी दुर्लक्ष केलं.

आता बारा मराठी बायका एकत्र यायच्या म्हणजे पहिला ठराव साडीच्या रंगाचा. सगळ्यांनी त्यांच्या मंडळाच्या रंगात यायचं, पण लॉरेनबाईंना आधी कळता कामा नये. मंडळाचा रंग कोणता? मला ठाऊक होतं. त्यांच्या दिवाणखान्यात एक मोठा फोटो होता: शंभरेक काळ्या बायका, सगळ्या डाळिंबी कोटात, आणि मधोमध पांढऱ्या पोशाखात लॉरेनबाई एका डाळिंबी बाईच्या गळ्यात हात टाकून उभ्या. पांढरा म्हणजे अध्यक्षीण असणार, असा निष्कर्ष मी भूगोलाच्या शिक्षिकेच्या आत्मविश्वासाने काढला. मोरपिशी चौकट ही नुसती चौकट आणि विमानतळावरचा तो रुमाल नुसता रुमाल, असंही मीच ठरवलं.

मंजिरीबरोबर बसने मिरकाबला गेले. शहराच्या मध्यभागी जुन्या इमारती, वर कचेऱ्या, खाली कापडाची दुकानं. दुकानदार गुजराती, बोलणं हिंदीत, आकडे अरबीत. ज्यांच्याकडे डाळिंबी साडी नव्हती त्यांच्यासाठी सात डाळिंबी ओढण्या घेतल्या, वर टेबलावर घालायला तीन मीटर कापडही.

परतताना पार्लमेंटच्या बाजूला रस्ता अडला होता. कुवेती बायका, काही बुरख्यात, काही जीन्समध्ये, फलक धरून उभ्या होत्या. आम्हाला मत द्यायचा हक्क हवा, असं त्या सांगत होत्या. देशात इतके बंगले, इतक्या गाड्या, आणि बायकांना मत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. घरी आल्यावर लॉरेनबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "मी काल गेले होते बघायला. पलीकडच्या फुटपाथवर उभी राहिले. त्यांचं काम त्यांनीच करायचं, पण कुणी बघतंय हे त्यांना दिसलं पाहिजे." मी परतल्यावर दोन महिन्यांनी त्या बायकांना हक्क मिळाला. बातमी ऐकली तेव्हा मला तो फुटपाथ आठवला.

मंगफ, समारंभाचा दिवस

समारंभ दुपारी चारला. सकाळी उठले तर खिडकीबाहेर समोरची इमारत नव्हती! धुळीचं वादळ. सगळीकडे हळदीच्या पाण्याचा रंग, दारंखिडक्या लावूनही दातांखाली कचकच. आमच्याकडे धूळ म्हणजे केरसुणीचं काम. इथे धूळ आली की विमानं थांबतात.

साडेतीनला बारा बायका जमल्या. सगळ्या डाळिंबी. टेबल डाळिंबी. तिळाच्या वड्यांच्या ताटाखालचा रुमालसुद्धा डाळिंबी. लॉरेनबाई पांढऱ्या पोशाखात, गळ्यात मोरपिशी पट्टा घालून दारात आल्या आणि उंबऱ्यावरच थिजल्या.

त्यांच्या गळ्यातला मोरपिशी पट्टा पाहिला आणि मला भिंतीवरची ती चौकट आठवली.

"मिस शैला," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हा रंग कुणी निवडला?"

"मी," मी म्हटलं. "त्या फोटोतला."

"त्या फोटोत माझी सख्खी धाकटी बहीण आहे. ती दुसऱ्या सोरोरिटीत होती. आमच्या प्रतिस्पर्ध्यांच्या. तिच्या मेळाव्याला मी पाहुणी म्हणून गेले होते. पन्नास वर्षांत मी या रंगाचा हातरुमालदेखील घरात येऊ दिलेला नाही."

मंजिरीने कपाळाला हात लावला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आणि मग लॉरेनबाईंचे खांदे हलायला लागले. हसता हसता त्यांना खुर्चीत बसवावं लागलं. डोळे पुसत म्हणाल्या, "तिला जाऊन सहा वर्षं झाली. तरी माझ्या समारंभाला तिने आपली माणसं पाठवलीच! अगदी तिला शोभेल असंच." मग उठून त्यांनी प्रत्येकीचा हात हातात घेतला, आणि साड्या बदलून येतो म्हणणाऱ्या दोघींना बसवून ठेवलं.

पण चार वाजले, साडेचार झाले, डेनिसचा पत्ता नाही. तिच्या छावणीची गाडी वादळामुळे रद्द झाल्याचा फोन आला. टॅक्सी कुणी आणायला तयार नाही. लॉरेनबाई खुर्चीत बसून होत्या. समोर पिनेची डबी.

मला राहवेना. मी म्हटलं, "लॉरेनबाई, चालत असेल तर मी लावते. वयाने तरी बहिणीसारखीच आहे."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "माझा जीव आहे तुमच्यावर. पण नाही. हे भगिनीच्याच हातून होतं. नाही झालं तर पिन डबीत राहील."

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण दुसऱ्याच क्षणी पटलंही. सोयीसाठी वाकली असती तर ती शपथ पन्नास वर्षं टिकली नसती.

तेवढ्यात अभयला सीताराम आठवला. सीताराम हा कुडाळकडचा मेकॅनिक, जहराच्या एका गॅरेजात पंधरा वर्षं काढलेला. अभयने फोन केला. पलीकडून एकच वाक्य आलं, "सायब, पत्तो सांगा."

मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, बांग होत असताना दार वाजलं. आधी सीताराम आत आला, भुवयांपासून मिशीपर्यंत पिवळा. मागे डेनिस, चाळिशीची, पांढरे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत छातीशी धरून.

"बाईंका सुखरूप हाडलंय," सीताराम म्हणाला. "रस्तो काय दिसाक नाय. पोलिसान अडवल्यान. मी सांगलंय, मावशीचा लगीन आसा. तेना सोडल्यान."

मी विचारलं, "एवढ्या वादळात कसे काय निघालात हो?"

"म्हातारे माणूस वाट बघतत म्हणान सायब बोलले. मगे काय विचारूचा?" असं म्हणून तो चहाही न घेता दाराशी उभा राहिला.

डेनिस कपडे बदलून आली. आधीचा भाग बंद दाराआडचा होता. दोघी आतल्या खोलीत गेल्या. दारातून त्यांचं गाणं ऐकू येत होतं, एक आवाज जाड, एक पातळ. आम्ही बाराजणी खरोखरच गप्प होतो. बाहेर आल्या तेव्हा लॉरेनबाईंच्या डाव्या खांद्याखाली सोन्याची पिन होती. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, त्या धुळीमुळे असं मी ईशाला सांगितलं.

आता राहिली होती हजेरी. एकाच रात्री शपथ घेतलेल्या नऊ जणींची नावं, त्या रात्रीच्या उंचीच्या क्रमाने, पुकारायची. जी हयात नाही किंवा येऊ शकली नाही तिच्यासाठी जमलेल्या भगिनींपैकी कुणीतरी 'हजर' म्हणायचं. नाव तीनदा पुकारतात. तिसऱ्यांदाही उत्तर आलं नाही तर त्या नावापुढची जागा रिकामी राहते. सभागृह भगिनींनी भरलेलं असलं की प्रश्नच येत नाही. इथे पुकारणारी डेनिस, पुकारणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही, म्हणजे उत्तर द्यायला एकट्या लॉरेनबाई.

डेनिसने वही उघडली. पहिलं नाव. "हजर," लॉरेनबाई म्हणाल्या. दुसरं. "हजर." प्रत्येक नावाला आवाज ताठ, जणू ती मुलगी बाजूला उभी आहे. सात नावं झाली.

"रूथ," डेनिसने पुकारलं.

लॉरेनबाईंनी तोंड उघडलं. आवाज आला नाही.

"रूथ."

त्यांचे ओठ हलले. घशातून नुसती हवा बाहेर पडली. डेनिसने वहीतून मान वर केली नाही. तिचेही डोळे भरले होते. तिसऱ्यांदा पुकारायला तिने जितका वेळ लावता येईल तितका लावला.

"रूथ."

"हजर."

ते मी म्हटलं होतं. मराठीत, आणि मोठ्याने. एकतीस वर्षं वर्गावर हजेरी घेतली, पण एखादं नाव असं अनुत्तरित लोंबकळत राहिलेलं मला ऐकवलं नाही. तोंडातून गेल्यावर कळलं आपण काय केलं ते. पिनेच्या वेळी नाही म्हणाल्या होत्या, आणि मी त्यांच्या शपथेच्या मधोमध जाऊन बोलले होते. मंजिरी माझ्याकडे बघत होती. बाकीच्या जमिनीकडे.

डेनिसला शब्द कळला नव्हता, अर्थ कळला होता. पेन वहीवर तसंच धरून तिने लॉरेनबाईंकडे पाहिलं. नियम सांगायचा तर तो त्यांनीच सांगायचा होता.

लॉरेनबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी घसा साफ केला.

"डेनिस," त्या म्हणाल्या, "मिस शैला हजर म्हणाल्या आहेत. लिहून घे."

डेनिसने लिहून घेतलं. मग पान न उलटता शेवटचं नाव पुकारलं, "लॉरेन."

लॉरेनबाईंनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली, दोन्ही हात सोडून सरळ उभ्या राहिल्या, आणि दाराशी उभ्या असलेल्या सीतारामनेही मान ताठ केली इतक्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हजर!"